काम करता येत नाही? संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज असा करा

अपघात, लकवा किंवा लांबलेल्या दुखण्याने कमावतं माणूस घरी बसलं, की सगळी धावपळ दवाखान्याची होते. सरकारी मदतीचा विषय निघेपर्यंत गाठीशी काही उरत नाही. म्हणून कागदांची तयारी आधीपासूनच सुरू करा.

आधी दिव्यांगांसाठी या योजनेच्या अटी पाहा. वय ६५ च्या आत, अपंगत्व किमान ४० टक्के, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांपर्यंत आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य. दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार रुपये महिना झालं.

पहिलं काम यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं. त्याच्या पोर्टलवर अर्ज भरताना तपासणीचं रुग्णालय निवडावं लागतं. पुण्यात ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय बहुतेकांना माहीत असतं. जाताना डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, एमआरआय, सगळं तारखेनुसार लावून न्या. पेशंटला बोलताना अडचण असेल तर घरच्यांनी नेमकं सांगावं: शर्टाचं बटण लागत नाही, उजव्या हाताने पेला धरवत नाही. नुसतं ‘अशक्तपणा आहे’ म्हणून भागत नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत पाहून ठेवा, ती संपण्याआधी पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते.

मग सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा. आधार, रेशनकार्ड, रहिवासाचा पुरावा, पासबुक आणि फोटो जोडून अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत द्या. सगळ्या कागदांवर नाव अक्षरशः एकच हवं. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असून दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल, तर इंदिरा गांधी अपंग निवृत्तीवेतनाबद्दलही तिथेच विचारा.

मंजुरीनंतरही पैसे अडकतात ते बँकेत. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, त्या खात्याची आधारवर नोंद (सीडिंग) होणं वेगळं. अनुदान सर्वांत शेवटी सीडिंग झालेल्या खात्यात जातं, मग ते कधीकाळी उघडलेलं, विसरलेलं खातं का असेना. बँकेच्या शाखेत जाऊन ‘माझं सीडिंग कुठल्या बँकेत आहे?’ एवढंच विचारा आणि चुकीचं असेल तर तिथेच फॉर्म भरून बदलून घ्या.

पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. बहुतेक वेळा एखाद्या दाखल्याची उणीव असते, ती भरून काढून पुन्हा अर्ज करता येतो.