जर्मनीत शिकायला जाताना: व्हिसा, पत्ता आणि राहण्याचा परवाना

पासपोर्टात चिकटवलेला विद्यार्थी व्हिसा बहुधा काही महिन्यांपुरताच असतो. तो संपायच्या आत तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे, म्हणजे आउसलेंडरबेहोर्देकडे, राहण्याचा परवाना मागायचा असतो. परवान्याला पत्त्याची नोंद लागते, नोंदीला घरमालकाची सही लागते, आणि सही मिळण्यासाठी मुळात घर लागतं. यातली एक कडी निसटली की पुढचं सगळं अडतं. म्हणून इथे भर पत्त्यावर आहे. व्हिसाचं थोडक्यात आटपू, कारण त्याबद्दल सांगणारे गल्लोगल्ली भेटतात.

निघण्याआधी

महाराष्ट्र आणि गोवा मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. भारतीय पदव्यांसाठी नोव्हेंबर 2022 पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे पदवीचे कागद खरे असल्याचा तपासणी दाखला, लागतं. शुल्क 18,000 रुपये. प्रवेशपत्राची वाट न पाहता ते आधी करून ठेवा, कारण बऱ्याच विद्यापीठांना अर्जासोबतच ते हवं असतं.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला 992. इथे नेहमीची चूक म्हणजे नेमके तेवढेच युरो पाठवणं. मधली बँक आपलं शुल्क कापते, खात्यात वीस-पंचवीस युरो कमी पोचतात आणि खातं भरल्याचं पत्र अडकून बसतं. सगळे शुल्क पाठवणाऱ्याकडून घ्या असं बँकेच्या फॉर्मवर नोंदवा आणि शंभरेक युरो जास्त पाठवा.

व्हिसाचं शुल्क 75 युरो. अर्ज फेटाळला गेला तर पूर्वी दूतावासाकडेच फेरविचार मागता यायचा. 1 जुलै 2025 पासून ती सोय बंद झाली. आता नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं, एवढंच उरलं आहे. त्यामुळे कागद पहिल्याच वेळी नीट लावा. पासपोर्टची मुदत दोन-अडीच वर्षांवर आली असेल तर इथेच नवा करून घ्या, कारण राहण्याचा परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडचा मिळत नाही.

मराठी नावांची एक खास अडचण आहे. आपल्या पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही येतं. जर्मन कार्यालयं ती दोन्ही पहिली नावं धरतात. विद्यापीठात एकच नाव, विमा कंपनीकडे दोन, असं झालं की विमा कंपनीने विद्यापीठाला पाठवलेला इलेक्ट्रॉनिक संदेश जुळत नाही आणि प्रवेशनोंदणी रखडते. सगळीकडे पासपोर्टात आहे तसंच, त्याच क्रमाने, पूर्ण नाव लिहा. शंका आली तर पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्या बघा. तिथलं लिखाण प्रमाण.

पत्त्याची नोंद

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नागरी कार्यालयात, म्हणजे ब्यूर्गरआम्टमध्ये, पत्ता नोंदवायचा. याला आनमेल्डुंग म्हणतात. लागतं काय, तर पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाने सही केलेलं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग हे पत्र. भाडेकरार दाखवून काम होत नाही. आपल्याकडे रजिस्टर केलेला करार सगळीकडे चालतो, त्यामुळे खूपजण तोच घेऊन जातात आणि परत येतात. खोली ठरवतानाच विचारा, "आनमेल्डुंग करता येईल ना?" नाही म्हटलं तर ती खोली कितीही स्वस्त असो, पहिलं घर म्हणून घेऊ नका. चावी मिळण्याआधी अनामत परदेशी खात्यात मागणारा तर सरळ भामटा समजा.

मोठ्या शहरांत वेळ मिळणं कठीण असतं. वेळेला तिथे टर्मिन म्हणतात, आणि आठवड्याभरात तुम्हीही तेच म्हणायला लागाल. सकाळी कार्यालय उघडण्याच्या सुमारास रद्द झालेल्या वेळा संकेतस्थळावर मोकळ्या होतात. शहरातलं कुठलंही ब्यूर्गरआम्ट चालत असेल तर घराजवळचंच हवं हा हट्ट सोडा. दोन आठवड्यांच्या आतली वेळ नाहीच मिळाली, तर शोधत होतो हे दाखवणारे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. रोमन कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की चर्चचा कर लागू होतो. तो प्राप्तिकराच्या 9 टक्के असतो, बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 8. कमाईवर प्राप्तिकर बसत नाही तोवर हाही बसत नाही. पण गोव्याहून किंवा वसईहून जाणाऱ्यांनी पहिल्या नोकरीची पगारचिठ्ठी बघून दचकू नये, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

टपालपेटी

जर्मन पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतो. बारा घरांच्या इमारतीत खाली बारा पेट्या असतात, आणि पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं. तुम्हाला चिठ्ठी नाही, फोन नाही, काही नाही. कर क्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, परवान्याच्या कार्डाचं पत्र, सगळं याच वाटेने येतं. चावी हातात आली त्या दिवशीच कागदाच्या पट्टीवर पासपोर्टातलं आडनाव ठळक लिहून पेटीवर आणि दाराच्या बेलवर लावा. दुसऱ्याच्या घरात एक खोली घेतली असेल, तर पत्त्यात "c/o" म्हणून मूळ भाडेकरूचं आडनावही द्या.

नोंदीनंतर काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्ही वर्गणीचं पत्र येतं. घरामागे महिन्याला 18.36 युरो. एकत्र राहणाऱ्यांपैकी एकाने भरली तरी पुरते, पण त्याचा वर्गणी क्रमांक कळवून उत्तर पाठवावं लागतं. जाहिरात समजून फेकून दिलं तर थकबाकी साठत जाते.

ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे साध्या चालू खात्यात येतात, आणि काही बँका ते खातं पत्त्याची नोंद झाल्यावरच उघडतात. म्हणजे पहिला महिना-दीड महिना ते 992 युरो हाती येतीलच असं नाही. शिवाय घराची अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. कायद्याने ती तीन मासिक हप्त्यांत देता येते, तसं विचारायला लाजू नका. पहिल्या सहा आठवड्यांचा खर्च वेगळा जवळ ठेवा.

परवाना

अर्ज व्हिसा संपण्याच्या आठ-दहा आठवडे आधी करा. सोबत पासपोर्ट, पत्त्याची नोंद, विद्यापीठाचं प्रवेशपत्रक, आरोग्य विम्याचा दाखला, पैशांचा पुरावा आणि भाडेकरार. शुल्क साधारण 100 युरो. बर्लिन, म्युनिकमध्ये या कार्यालयांची नावं वेगळी आहेत, काम तेच. मे 2025 पासून छापील फोटोऐवजी डिजिटल फोटो लागतो. तो कार्यालयातल्या यंत्रावर किंवा तिथल्या मान्यताप्राप्त स्टुडिओत काढतात, त्यामुळे इथून डझनभर फोटो छापून नेण्यात अर्थ नाही.

सर्वात महागात पडणारा गैरसमज म्हणजे टर्मिन घेतली की अर्ज झाला असं मानणं. अर्ज व्हिसाच्या मुदतीत कार्यालयाकडे पोचला पाहिजे. ऑनलाइन भरला तर पोच जतन करा. ऑनलाइन सोय नसेल, तर सगळे कागद जोडून लेखी अर्ज पाठवा आणि पाठवल्याचा पुरावा ठेवा. मुदतीत अर्ज केला की निर्णय होईपर्यंत राहण्याचा हक्क चालू राहतो. त्याचा दाखला म्हणजे फिक्त्सिऑन्सबेशाइनिगुंग, शुल्क 13 युरो.

हा दाखला हातात घेऊन भारतात यायचं असेल तर त्याचं तिसरं पान उघडा. तिथे तीन चौकोन असतात. तिसऱ्यावर, कलम 81 परिच्छेद 4 लिहिलेल्या चौकोनावर, फुली असेल तरच परत जर्मनीत शिरता येतं, तेही मुदत संपलेला व्हिसा किंवा कार्ड सोबत असेल तर. पहिल्या दोनांपैकी एकावर फुली असेल तर दिवाळीचं तिकीट काढू नका.

कार्डासोबत एक हिरवट जोडपत्र मिळतं, त्यावर कामाच्या अटी असतात. विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. चार तासांपर्यंतचं काम अर्ध्या दिवसात मोडतं. विद्यापीठातच सहायक म्हणून केलेलं काम यात धरत नाहीत. स्वयंरोजगार मात्र वेगळ्या परवानगीशिवाय चालत नाही. पुण्यातल्या कंपनीचं काम रात्री लॅपटॉपवर करून बिल पाठवणं हाही स्वयंरोजगारच, पैसे भारतातल्या खात्यात आले तरीही. परवाना वाढवताना बँकेचे उतारे मागितले जाऊ शकतात.

आरोग्य विमा निवडताना घाई नको. तिशीच्या आत सरकारी विम्याचा विद्यार्थी दर मिळतो, महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास. स्वस्त दिसतो म्हणून खाजगी विमा घेऊन सरकारीतून सूट मागितली, तर शिक्षण संपेपर्यंत परत फिरता येत नाही.

शहर बदललंत तर नव्या शहरात पुन्हा दोन आठवड्यांत नोंद करायची. तुमची फाईल जुन्या कार्यालयाकडून नव्याकडे जायला वेळ लागतो, म्हणून मुदत जवळ आली असताना शक्यतो घर हलवू नका. हलवावंच लागलं तर पोस्टात पत्रं वळवण्याचा अर्ज भरा, आणि जुन्या पेटीवरचं नाव काही आठवडे राहू द्यायला घरमालकाला सांगा.