हलक्या लिनक्सवर ब्राउझरचा आवाज गेला तर

जुन्या लॅपटॉपवर विंडोज रांगायला लागलं की लातूर-नांदेडकडच्या अभ्यासिकांत त्यावर लिनक्सचा एखादा प्रकार, म्हणजे अँटीएक्स, व्हॉइड किंवा नुसतं डेबियन, आणि एखादा हलका विंडो मॅनेजर (पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) बसवतात. मशीन पळायला लागतं. मग लेकरं लेक्चर लावतात आणि पडद्यावर सरांचे ओठ हलतात, आवाज मात्र नाही. राग निघतो ब्राउझरवर. तो काढून पुन्हा टाकण्यात तास जातो, डेटा जातो, आणि बहुतेक वेळा आवाज काही येत नाही.

ठिबकच्या शेवटच्या तोटीला पाणी नसलं तर कुणी आधी तोटी बदलत नाही. आधी मोटर बघतात, मग कॉक, मग नळी. इथेही तसंच: तळाला कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ड्रायव्हर आणि त्याच पातळीवरची आवाजाची यंत्रणा अल्सा, त्यावर सगळ्या प्रोग्रामचा आवाज गोळा करून खाली देणारा साउंड सर्व्हर म्हणजे पल्सऑडिओ किंवा पाइपवायर, आणि सगळ्यात वर ब्राउझर. मोठ्या डेस्कटॉपमध्ये ही साखळी आपोआप जोडलेली येते. हलक्या सिस्टिममध्ये ती आपणच जोडायची असते, आणि एखादी कडी राहून जाते.

खालच्या कमांड टर्मिनलमध्ये चालवायच्या आहेत आणि उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा.

सुरुवात साउंड कार्ड दिसतं का इथून. ए आणि प्ले जोडून लिहा, जागा सोडा, डॅश आणि लहान एल. यादीत एकही कार्ड नसेल तर ब्राउझर विसराच. नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा साउंड चिपला लागणारं साउंड ओपन फर्मवेअर, म्हणजे सॉफ, बसवलेलं नसतं. आर्च, व्हॉइड आणि अल्पाइनवर पॅकेजचं नाव सॉफ-फर्मवेअर, डेबियनवर फर्मवेअर-सॉफ-साइन्ड. डेबियन 12 पासून ते नॉन-फ्री-फर्मवेअर या वेगळ्या विभागात आहे. तो सोर्स लिस्टमध्ये (पॅकेज कुठून घ्यायची त्या यादीत) नसेल तर पॅकेज सापडतच नाही. टाकल्यावर मशीन रीस्टार्ट करा.

कार्ड दिसत असेल तर अल्सामिक्सर उघडा. एफ6 दाबून खरं कार्ड निवडा, कारण साउंड सर्व्हर चालू असताना पहिल्यांदा त्याचाच एकुलता पट्टा दिसतो आणि माणूस फसतो. मास्टर, स्पीकर, हेडफोन आणि पीसीएम या पट्ट्यांखाली एमएम दिसलं म्हणजे तो पट्टा म्यूट आहे. त्यावर जाऊन एम दाबा, दोन शून्यं आली पाहिजेत. ऑटो-म्यूट मोड हाही बघा. हेडफोनच्या जॅकमध्ये धूळ बसली किंवा पिन अडकली की मशीनला हेडफोन लावलाय असं वाटतं आणि ते स्पीकर बंद करतं. ऑटो-म्यूट बंद केल्यावर स्पीकर वाजला तर दोष जॅकचा.

इथे आपल्या भागातली एक खास अडचण. मिक्सरची स्थिती साधारणपणे मशीन नीट बंद होताना साठवली जाते. बॅटरी मेलेला लॅपटॉप थेट चार्जरवर चालत असेल आणि लाइट गेली, तर साठवणं होत नाही आणि पुढच्या वेळी जुनाच म्यूट परत येतो. आवाज एकदा जमला की लगेच सुडो (ॲडमिनचा अधिकार देणारी कमांड) लावून अल्साकंट्रोल स्टोअर चालवा. कमांड टाइप करताना कंट्रोल हा शब्द सीटीएल एवढाच लिहायचा, आणि तो अल्साला जोडून.

आता स्पीकर-टेस्ट, डॅश सी 2, डॅश टी वेव्ह (डब्ल्यू, ए, व्ही एवढंच). डावी-उजवीकडून आलटून पालटून बाईचा आवाज आला तर तळ ठीक आहे. सुडो लावून आवाज येतो आणि न लावता येत नाही, तर परवानगीचा प्रश्न: युजरला ऑडिओ ग्रुपमध्ये घाला, पूर्ण लॉगआउट करून परत या. काहीच आलं नाही तर कार्डचा क्रमांक तपासा. चौथ्या-पाचव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये, एचडीएमआय हे वेगळं कार्ड असतं आणि तेच बहुधा शून्य क्रमांक घेऊन बसतं. मग जोडलेल्याच नसलेल्या टीव्हीकडे आवाज जातो. साउंड सर्व्हर नसेल तर होम फोल्डरमधल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या असाउंडआरसी फाइलमध्ये डिफॉल्ट पीसीएम आणि कंट्रोल दोन्हींचं कार्ड 1 करा. पाइपवायर असेल तर डब्ल्यूपीसीटीएल स्टेटसमध्ये खऱ्या स्पीकरचा आयडी बघून सेट-डिफॉल्टला द्या.

स्पीकर-टेस्ट वाजतो पण फायरफॉक्स गप्प, तर मधली कडी तुटली आहे. मोझिलाच्या स्वतःच्या फायरफॉक्सने 2017 मध्ये आवृत्ती 52 पासून अल्साला थेट आवाज देणं सोडलं. त्याला पल्सऑडिओची भाषा बोलणारं काहीतरी हवंच. क्रोमियम मात्र सर्व्हर नसला तर अल्साकडे वळतो. म्हणूनच एकाच मशीनवर एक ब्राउझर बोलतो आणि दुसरा मुका असतो.

सगळ्यात सुटसुटीत मार्ग: पाइपवायर, वायरप्लंबर आणि पाइपवायर-पल्स ही तिन्ही टाकायची. तिसरं विसरतात, आणि फायरफॉक्सला नेमकं तेच लागतं. सिस्टिमडी (सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) असेल तर तिन्ही सेवा युजर पातळीवर सुरू करा, सुडो न लावता. सिस्टिमडी नसलेल्या व्हॉइड किंवा अँटीएक्सवर त्या होम फोल्डरमधल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या एक्सइनिटआरसी फाइलमध्ये विंडो मॅनेजरच्या आधी, प्रत्येकीच्या शेवटी अँडचं चिन्ह देऊन लिहा. सेशनचा डीबस (प्रोग्रामना एकमेकांशी बोलू देणारी सेवा) चालू हवा आणि एक्सडीजी रनटाइम डिर हे व्हेरिएबल, म्हणजे युजरच्या तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता, भरलेलं हवं. हे दुसरं रिकामं असेल तर सर्व्हरला सॉकेट, म्हणजे ब्राउझरने जोडायचं टोक, ठेवायला जागाच नाही. ती जागा ईलॉगइनडी ही सेवा तयार करून देते. तपासायला पॅकटीएल इन्फो: कनेक्शन रिफ्यूज्ड आलं तर सर्व्हर चालू नाही, सर्व्हरच्या नावात पाइपवायर दिसलं तर जोडणी झाली. नंतर ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. आणि ब्राउझर रूट (ॲडमिन) म्हणून कधीच चालवू नका. सॉकेट युजरचं असतं.

दोन गीगाबाइट रॅमच्या मशीनवर सर्व्हर नकोच असेल तर एपल्स आहे. ते फायरफॉक्सची पल्सऑडिओची भाषा थेट अल्सापर्यंत पोचवतं, फायरफॉक्सच्या कमांडच्या आधी त्याचं नाव लावून उघडतात. चालतं, पण मायक्रोफोन आणि सँडबॉक्सवर (ब्राउझरच्या सुरक्षेच्या कुंपणावर) कधी कधी अडतं. ऑनलाइन क्लासला बोलावं लागत असेल तर या वाटेला जाऊ नका.

एवढं करूनही फक्त ब्राउझरच गप्प असेल तेव्हा त्याच्याकडे वळा. फायरफॉक्समध्ये कंट्रोल-एम चुकून दाबलं की टॅब म्यूट होतो. आवृत्ती 66 पासून आवाजासह आपोआप वाजणाऱ्या व्हिडिओवर बंदीही आहे. पॅव्ह्यूकंट्रोल हा साउंड सर्व्हरचा मिक्सर उघडून प्लेबॅकमध्ये बघा. व्हिडिओ चालू असतानाच तिथे ब्राउझरची ओळ येते, आणि एकदा केलेला म्यूट ती लक्षात ठेवते. व्हिडिओच चालत नसेल तर बहुधा एफएफएमपेग (व्हिडिओ उलगडणारं पॅकेज) नाही, तो आवाजाचा प्रश्नच नव्हे.

वाक्याचा पहिला शब्द गिळला जातो किंवा सुरुवातीला टक्क होतं, ते कार्ड झोपल्यामुळे. मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या) फोल्डरमध्ये फाइल करून स्नड-एचडीए-इंटेल या ड्रायव्हरसाठी पॉवर-सेव्ह शून्य करा. सतत गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बघा. थांबली, तर दोष बहुधा अर्थिंगचा: बऱ्याचदा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या बोर्डात खुपसलेला असतो.