परतून येणाऱ्या रूटवर शिक्का मारा

चाकणच्या एका कारखान्यात ईआयजीआरपी, पुण्यातल्या ऑफिसात ओएसपीएफ (राउटर ज्यांतून एकमेकांना वाटा, म्हणजे रूट, कळवतात ते दोन वेगळे प्रोटोकॉल), मध्ये दोन्हींना जोडणारे दोन बॉर्डर राउटर. एक पडला तरी काम थांबू नये म्हणून मी दोघांवरही दोन्ही दिशांनी रीडिस्ट्रिब्युशन लावलं, म्हणजे एका प्रोटोकॉलचे रूट दुसऱ्यात ओतले. सगळीकडे पिंग जात होता, फक्त गोदामाचं १०.२०.३०.० काही सापडेना. पॅकेटची वाट दाखवणाऱ्या ट्रेसराउटमध्ये तेच तीन पत्ते पुन्हा पुन्हा येत होते: कारखान्याचा कोअर (मुख्य राउटर), दुसरा बॉर्डर, पहिला बॉर्डर, परत कोअर.

एकच नेटवर्क का, हे कळलं की निम्मं काम झालं. सिस्कोवर ईआयजीआरपीच्या आतल्या रूटचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (रूटवरच्या भरवशाचा आकडा, कमी असेल तो जिंकतो) ९०, ओएसपीएफचं ११०, पण ईआयजीआरपीत बाहेरून आलेल्या रूटचं १७०. गोदामाचा रूट स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, होता, तो ईआयजीआरपीत ओतलेला, म्हणजे १७०. पहिल्या बॉर्डरने तो ओएसपीएफला दिला. दुसऱ्या बॉर्डरला तो ११० ने मिळाला, म्हणून ईआयजीआरपीचा रूट त्याने बाजूला ठेवला आणि ओएसपीएफकडून आलेला परत कारखान्यात सोडला. सोडताना मी दिलेलं मेट्रिक (वाट किती चांगली याचं माप) गोदामाच्या खऱ्या, संथ लिंकपेक्षा चांगलं होतं. कोअरने साहजिकच तोच निवडला, आणि चक्र पूर्ण झालं. अशा वेळी मूळ स्टॅटिक काढला तरी रूट टेबलात जिवंत राहतो, कारण तिघं एकमेकांच्या भरवशावर असतात.

उपाय टॅगचा. बॉर्डर ओलांडणाऱ्या प्रत्येक रूटवर तो कुठून आला याचा शिक्का मारा आणि शिक्का असलेला रूट मूळ घरी परत जाऊ देऊ नका. मी ईआयजीआरपीतून निघालेल्याला ९०, ओएसपीएफमधून निघालेल्याला ११० देते, आकडे लक्षात राहतात म्हणून. ईआयजीआरपीकडून ओएसपीएफकडे जाणाऱ्या राउट-मॅपमध्ये (रूट गाळण्याच्या नियमांची यादी) आधी 'डिनाय १०, मॅच टॅग ११०', मग 'परमिट २०, सेट टॅग ९०'. उलट दिशेला आकडे उलटे. हेच दोन राउट-मॅप दोन्ही बॉर्डरवर तंतोतंत सारखे हवेत. 'परमिट २०' विसरलात तर शेवटच्या न दिसणाऱ्या डिनायमुळे एकही रूट पलीकडे जाणार नाही.

ईआयजीआरपीत ओतताना मेट्रिकचे पाचही आकडे द्या, नाहीतर ओएसपीएफचे रूट तिथे पोहोचतच नाहीत. ओएसपीएफकडे ओतताना सिस्को राउटरच्या जुन्या आयओएस सॉफ्टवेअरवर 'सबनेट्स' हा शब्द लिहा.

टॅगने लूप तुटतो, पण दुसरा बॉर्डर गोदामाकडे अजूनही पहिल्या बॉर्डरमार्फतच जातो, कारण ११० हे १७० पेक्षा कमीच. बरेच जण इथे 'डिस्टन्स ओएसपीएफ एक्स्टर्नल १८०' लावतात. मला ते पटत नाही. ऑफिसच्या बाजूचा खरा एक्स्टर्नल रूट मग कारखान्याच्या वाटेने १७० ने आला की तोच जिंकतो, म्हणजे दुखणं फक्त कूस बदलतं. त्यापेक्षा दोन्ही बॉर्डरवर ओएसपीएफखाली 'डिस्ट्रिब्यूट-लिस्ट राउट-मॅप … इन' लावा, त्यात टॅग ९० ला डिनाय आणि बाकीच्यांना परमिट. हे फक्त त्या राउटरच्या टेबलापुरतं चालतं, एलएसए, म्हणजे ओएसपीएफचे माहितीचे निरोप, पुढे जातच राहतात. किंमत एवढीच, की दुसऱ्या बॉर्डरची कारखान्याकडची लिंक तुटली तर पहिल्या बॉर्डरमार्फतची पर्यायी वाट तो धरणार नाही, आणि त्याच्यातून जाणारी ऑफिसची वाहतूकही तिथेच अडेल. म्हणून ऑफिसच्या कोअरपासून दोन्ही बॉर्डरना वेगळी लिंक ठेवा.

तपासताना नुसता पिंग पुरेसा नाही. लूप होतो की नाही हे कधी कधी कोणता बॉर्डर आधी चालू झाला यावर ठरतं, म्हणून दोन्ही बॉर्डर आळीपाळीने बंद करून चालू करा. प्रत्येक वेळी 'शो आयपी रूट १०.२०.३०.०' मध्ये रूट कोणत्या प्रोटोकॉलने आला ते पाहा. शेवटी गोदामाचा स्टॅटिक काढा. दोन्ही बाजूंच्या टेबलांतून तो रूट नाहीसा झाला, तरच मी चेंज बंद करून घरी निघते.