ऑर्गनायझिंग नेटवर्कमध्ये वांशिक समता कशी तपासतात: शिकागोतलं काम, नवीन येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) किंवा पब्लिक पॉलिसी करायला शिकागोला येणारी आपल्याकडची मुलंमुली विचारतात, ताई तू नेमकं करतेस काय, आणि मी रेशियल इक्विटी असेसमेंट, म्हणजे वांशिक समतेची तपासणी, म्हटलं की त्यांना वाटतं एचआरचं ट्रेनिंग असेल, स्लाइड दाखवायच्या, सह्या घ्यायच्या, झालं. तसं अजिबात नाहीये. आमच्या नेटवर्कमध्ये चर्च आहेत, मशिदी आहेत, भाडेकरूंच्या संघटना आहेत, शाळेतल्या पालकांचे ग्रुप आहेत, हे सगळे मिळून घरभाडं, शाळा, पोलीस, बससेवा असे मुद्दे उचलतात आणि नगरसेवकापासून महापौरापर्यंत सगळ्यांवर दबाव आणतात. शहरात ब्लॅक, लॅटिनो (मूळ लॅटिन अमेरिकेतले) आणि गोरे हे तिन्ही गट साधारण 30 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे फोटोत सगळे रंग दिसतातच. पण फोटोत कोण आहे आणि निर्णय कोण घेतं यात फार अंतर असू शकतं, आणि ते किती आहे ते शोधायचं म्हणजे हे काम.

आधी इतिहास वाचून घ्या, नाहीतर मीटिंगमधली निम्मी भांडणं कळणारच नाहीत. 1939 मध्ये सॉल अलिन्स्की आणि जोसेफ मीगन या दोन कार्यकर्त्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यांमागच्या वस्तीत बॅक ऑफ द यार्ड्स कौन्सिल उभी केली, पोलिश, लिथुआनियन, आयरिश असे एकमेकांशी न पटणारे कामगार एकत्र आणले, आणि पुढच्याच वर्षी अशा वस्ती-संघटना उभ्या करणारं इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशन निघालं. आज आपण जे वन-टू-वन (एकेकाशी समोरासमोर बोलणं), पॉवर अ‍ॅनालिसिस (सत्ता कुणाच्या हातात ते शोधणं) वगैरे शिकतो त्याचं मूळ बऱ्यापैकी तिथलं. पण त्याच कौन्सिलने नंतर, 50 आणि 60 च्या दशकात, ब्लॅक कुटुंबं वस्तीत येऊ नयेत म्हणून आपली ताकद वापरली, अलिन्स्कींना स्वतःलाही ते फार लागलं होतं. म्हणजे संघटना मजबूत झाली म्हणून ती न्यायी होईलच असं नाही, हे इथल्या जुन्या ब्लॅक कार्यकर्त्यांना कुणी सांगावं लागत नाही, त्यांनी घरातच ऐकलेलं असतं.

या परंपरेतली अजून एक सवय म्हणजे "जिंकता येईल आणि सगळ्यांना जोडेल" असाच मुद्दा घ्यायचा. ऐकायला बरोबर वाटतं, पण व्यवहारात काय होतं, की पोलिसांचा मुद्दा निघाला की कुणीतरी म्हणतं याने फूट पडेल, मग तो पुढच्या मीटिंगवर, मग त्याच्या पुढच्या. त्यामुळे मी असेसमेंट सुरू करते तेव्हा लोकांशी बोलायच्याही आधी जुने मिनिट्स, म्हणजे मीटिंगची इतिवृत्तं, मागते, मागच्या दोन-तीन वर्षांत कुणी कुठला मुद्दा मांडला आणि त्याचं काय झालं याचा साधा तक्ता करते. साउथ साइडच्या (जिथे ब्लॅक वस्ती जास्त) चर्चने मांडलेले किती मुद्दे मोहिमेपर्यंत गेले, नॉर्थ साइडच्या (जिथे गोरे जास्त) ग्रुपचे किती गेले, हे एकदा कागदावर आलं की मग "आमच्याकडे सगळ्यांचं ऐकलं जातं" हे वाक्य तपासता येतं. माझ्या मते सर्व्हेपेक्षा हा तक्ता जास्त सांगतो.

मिनिट्सच्या जोडीला बजेट बघायचं. कोण पगारावर आहे आणि कोण "लीडर" म्हणून फुकट राबतंय? पगारी ऑर्गनायझर कॉलेज शिकलेले, गोरे, आणि मीटिंगला स्वयंपाक करणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या, पन्नास फोन लावणाऱ्या लॅटिना माता बिनपगारी, हे चित्र खूप ठिकाणी दिसतं. फाउंडेशनचं अनुदान आलं तर ते कुठल्या सदस्य संस्थेकडे किती गेलं, अर्ज कुणी लिहिला, सहीचा अधिकार कुणाला, हे सगळं विचारायचं. सुरुवातीला पैशाचं विचारायला संकोच वाटेल, पण विचाराच.

आता एक मीटिंग जवळून सांगते. एका चर्चच्या तळघरातला हॉल, साठ-सत्तर लोक, स्पॅनिशसाठी हेडसेट ठेवलेले, दुभाषी बाई शेवटच्या रांगेत बसून हातातल्या ट्रान्समीटरमध्ये हळू आवाजात बोलत होत्या. कागदावर बघितलं तर सोय उत्तम. पण मीटिंग चालवणारा माणूस इतक्या भरभर बोलायचा की तो "सगळे तयार? हात वर करा" म्हणायचा तेव्हा दुभाषी अजून आधीच्या वाक्यावर असायच्या, आणि हेडसेटवाल्या बायका शेजारी बघून एक क्षण उशिरा हात वर करायच्या. प्रत्येक वेळी. ठराव एकमताने मंजूर. मी वहीत प्रश्न संपल्याची आणि मतदान सुरू झाल्याची वेळ लिहीत होते, अंतर काही सेकंदांचं. नंतर त्यातल्या एका काकूंशी बोलले तर त्या म्हणाल्या की ठराव काय होता ते त्यांना घरी जाताना गाडीत कळलं. रिपोर्टमध्ये मी "भाषेची सोय अपुरी" असं मोघम लिहिलं नाही, वेळा लिहिल्या, आणि सूचना दिली की मतदानाआधी दुभाषींनी हात वर करून "झालं" म्हणेपर्यंत थांबायचं. अशी सूचना लगेच पाळता येते.

सर्व्हेबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण नवीन मुलं इथेच अडकतात. वंशाचे कॉलम सरकारी फॉर्मवरून जसेच्या तसे उचलू नका. 1997 च्या फेडरल वर्गवारीत मध्य-पूर्वेतले लोक "व्हाइट" मध्ये मोजले जायचे, 2024 मध्ये त्यांच्यासाठी वेगळा गट आला, पण जुने फॉर्म अजून सगळीकडे फिरतायत. शिकागोजवळ ब्रिजव्ह्यू नावाचं उपनगर आहे, तिथे पॅलेस्टिनी वस्ती मोठी, तिथल्या मशिदीतल्या लोकांनी जुना फॉर्म भरला तर ते सगळे गोऱ्यांच्या आकड्यात जातात आणि तुमचा पूर्ण हिशोब चुकतो.

"एशियन" चं तर विचारूच नका. शिकागोतल्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर जा, एकाच रस्त्यावर गुजराती दुकानदार, हैदराबादी टॅक्सीवाले आणि म्यानमारमधून आलेली रोहिंग्या निर्वासित कुटुंबं, आणि वर नेपरव्हिलसारख्या उपनगरातले आपले आयटीवाले, सगळ्यांची एकाच चौकटीत टिक. रोहिंग्या बायकांपैकी कित्येकींना कुठल्याच लिपीत वाचायची सवय नाही, भाषा मुख्यतः बोलण्यातली, त्यामुळे लेखी सर्व्हे पाठवून "प्रतिसाद कमी आला" लिहिणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. तिथे त्यांच्यातल्याच एका मुलीला व्यवस्थित मानधन देऊन तोंडी प्रश्न विचारायला घ्या, आणि तासाभराचा वेळ देणाऱ्या प्रत्येकीला पण पैसे द्या. कन्सल्टंटला पैसे आणि माहिती देणाऱ्यांना फक्त पिझ्झा, हे मला बिलकुल मान्य नाही.

आणि जात. आपण मराठी माणसं या कामात आहोत तर हा प्रश्न आपणच टेबलावर ठेवला पाहिजे, दुसरं कुणी ठेवणार नाही. दक्षिण आशियाई ग्रुपमधून कमिटीवर कायम एकाच थरातले लोक येत असतील तर बाहेरून ती "डायव्हर्सिटी" दिसते. सिएटलने फेब्रुवारी 2023 मध्ये जातीवर आधारित भेदभावाला कायद्याने बंदी घातली, कॅलिफोर्नियाचं तसंच विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनी व्हेटो केलं, म्हणजे विषय इथे पोचलाय. बाबासाहेबांनी 1946 मध्ये ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या ब्लॅक अमेरिकनांच्या अर्जाची प्रत मागवली होती, ही गोष्ट मी ब्लॅक सहकाऱ्यांना सांगते तेव्हा बोलणं वेगळ्याच पातळीवर जातं. फक्त जातीचा कॉलम मात्र सर्व्हेत टाकू नका, छोट्या ग्रुपमध्ये कोण कोण ते लगेच ओळखू येतं आणि माणसाला त्रास होऊ शकतो. विश्वास बसला की एकट्यात बोला, आणि समोरच्याने स्वतः काढला तरच तो विषय पुढे न्या.

ओळख उघड होण्याचा धोका सगळीकडेच आहे. पाचपेक्षा कमी लोकांचा गट असेल तर त्याचे आकडे वेगळे छापू नका. इमिग्रेशन स्टेटस विचारूच नका, कुठे लिहूनही ठेवू नका. 2025 मध्ये डीईआयविरोधी (विविधता, समता, समावेश यांच्या कार्यक्रमांविरुद्धचे) फेडरल आदेश आले तेव्हापासून सरकारी अनुदानावरच्या संस्था शब्दही जपून वापरतायत, तेव्हा रिपोर्ट कुणाच्या हातात जाणार हे काम घ्यायच्या आधीच लेखी ठरवा.

चांगलं उदाहरण हवं असेल तर बॉस्टनच्या रॉक्सबरीतलं डडली स्ट्रीट नेबरहुड इनिशिएटिव्ह या वस्ती-संघटनेबद्दल वाचा, 1984 पासूनचं आहे. सुरुवातीला बोर्डाचा जो आराखडा आला त्यात रहिवाशांना जागा कमी होत्या, लोकांनी भर सभेत आक्षेप घेतला आणि मग बहुमत रहिवाशांचं झालं, वर ब्लॅक, लॅटिनो, केप व्हर्डियन आणि गोरे या चारही गटांना सारख्या जागा नियमावलीतच लिहिल्या, लोकसंख्या कुणाची किती ते न बघता. पुढे 1988 मध्ये त्यांना पडीक जमीन सक्तीने ताब्यात घ्यायचा अधिकार मिळाला, जो एरवी सरकारकडे असतो. जागा नियमात असल्या की डायरेक्टर बदलला तरी त्या राहतात, म्हणून मी दर रिपोर्टमध्ये नियमावलीत काय बदलायचं ते वेगळं लिहितेच.

रिपोर्ट झाला की आधी सदस्यांना दाखवायचा, बोर्डाला नंतर. यावर बोर्डवाले नाराज होतात, होऊ द्या, पण ही अट सुरुवातीच्या करारातच घाला, नंतर मिळत नाही.

आता तुमच्या कामाचं. एमएसडब्ल्यूला किमान 900 तासांचं फील्ड प्लेसमेंट (संस्थेत प्रत्यक्ष काम) लागतं, एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असाल तर ते सुरू करायच्या आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसमधून सीपीटी, म्हणजे शिकताना काम करायची परवानगी, मंजूर करून घ्या, पगार नसला तरी आधी त्यांना विचारा, मनाने ठरवू नका. एमएसडब्ल्यू साधारणपणे स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांत) धरत नाहीत, म्हणजे नंतर ओपीटीचं, शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचं, एकच वर्ष, तेव्हा नोकरीचं आधीपासून बघायला लागा. एक्सेल नीट येऊ दे आणि स्पॅनिश शिकायला आजच सुरू करा, तोडकंमोडकं चालतं. आणि प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूला गेलात की त्यांना तुम्हीही विचारा, मीटिंगचा अजेंडा कोण ठरवतं, कधी ठरवतं, आणि मागच्या वर्षी नोकरी सोडून गेलेले ऑर्गनायझर कोण होते. उत्तर द्यायला ते जर घुटमळले तर दुसरी एखादी जागा हातात ठेवा.