रील, लाइव्ह, व्हॉइस नोट: सेव्ह करताना आणि पुन्हा टाकताना

मिरवणुकीचा व्हिडिओ पाच ग्रुप फिरून आपल्यापर्यंत येतो, तोवर ध्वजावरचं नाव वाचता येत नाही आणि ताशाचा आवाज पत्रा बडवल्यासारखा येतो. प्रत्येक ॲप व्हिडिओ अपलोड होताना दाबून लहान करतं आणि दाबताना गेलेला बारकावा परत येत नाही. तोच व्हिडिओ उतरवून पुन्हा टाकला की पुन्हा दाबला जातो. म्हणून डाउनलोडर शोधण्याआधी ज्याने शूट केलं त्याला मेसेज करा. चांगली क्वालिटी आणि परवानगी दोन्ही त्याच माणसाकडे असतात.

मेसेज असा लिहा: ‘नमस्कार, तुमची पालखीची रील आमच्या भजनी मंडळाच्या फेसबुक आणि इन्स्टा पेजवर टाकायची आहे. तुमचं नाव पहिल्या ओळीत देऊ. चालेल का? चालत असेल तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’ यातला ‘डॉक्युमेंट’ हा शब्द गाळू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीतून पाठवलेला व्हिडिओ एचडी निवडूनही दाबला जातो. पिनचं चिन्ह, मग डॉक्युमेंट, मग फाइल अशा वाटेने पाठवला तर जसाच्या तसा येतो आणि २ जीबीपर्यंतची फाइल जाते. त्याहून मोठी असेल तर गूगल ड्राइव्हची लिंक मागा. आलेल्या परवानगीचा स्क्रीनशॉट त्याच फोल्डरमध्ये ठेवा, तो पुढे कामाला येतो.

नुसतं प्रवासात बघायचं असेल तर एवढं करायची गरज नाही. यूट्यूबच्या ॲपमध्ये व्हिडिओखाली डाउनलोडचं बटण असतं. पण तो व्हिडिओ ॲपच्या आतच राहतो. गॅलरीत दिसत नाही, पेन ड्राइव्हवर जात नाही. प्रीमियम सदस्यालाही ३० दिवसांतून एकदा फोन नेटला जोडावा लागतो, नाहीतर व्हिडिओ उघडत नाही. मालकाने मूळ व्हिडिओ काढला की आपल्याकडचाही जातो. फेसबुक आणि इन्स्टावरचं ‘सेव्ह’ तर नुसती खूण आहे, नेटशिवाय तिचा उपयोग नाही. खरी फाइल हाती आली की नाही हे तपासायचं तर फ्लाइट मोड लावा आणि व्हिडिओ त्या ॲपमधून न उघडता गॅलरीतून उघडा. शेवटपर्यंत चालला तर फाइल तुमची.

इन्स्टाग्रामच्या सार्वजनिक खात्यांवरील रील्सना शेअरच्या बाणाखाली डाउनलोडचा पर्याय असतो. तो दिसत नसेल तर मालकाने बंद ठेवला आहे किंवा खातं खासगी आहे, आणि तो नकारच समजावा. डाउनलोड झालेल्या रीलवर इन्स्टाचं चिन्ह आणि खात्याचं नाव येतं. सगळ्यात जास्त गोंधळ आवाजाचा होतो. रीलमध्ये इन्स्टाच्या लायब्ररीतलं गाणं असेल तर उतरलेली फाइल मुकी निघते. माणसाने स्वतः म्हटलेलं किंवा जागेवर रेकॉर्ड झालेलं असेल तर आवाज राहतो. फोन बिघडलेला नसतो, त्या गाण्याचा परवाना फक्त ॲपच्या आत वापरण्यापुरता असतो. स्वतःची रील सेव्ह करतानाही हेच घडतं. म्हणून गाणं जोडण्याआधीची एडिट केलेली फाइल नेहमी वेगळी ठेवा.

फेसबुक लाइव्हवर कीर्तन, व्याख्यान किंवा ग्रामसभा दाखवणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. १९ फेब्रुवारी २०२५ पासूनचे नवे लाइव्ह व्हिडिओ ३० दिवस राहतात आणि मग आपोआप हटवले जातात. सप्ताह उरकला की त्याच आठवड्यात कॉम्प्युटरवर पेज उघडा, व्हिडिओच्या यादीत लाइव्हच्या विभागात जा आणि एकेक व्हिडिओ उतरवून घ्या. सात दिवसांची सात कीर्तनं मोबाइलच्या डेटावर उतरवायला बसू नका, वायफाय बघा. यूट्यूबवर स्वतःच्या चॅनेलचा व्हिडिओ ‘यूट्यूब स्टुडिओ’तून, म्हणजे चॅनेल सांभाळायच्या पानावरून, उतरवला तर फार तर ७२०पी क्वालिटी मिळते. त्याहून चांगली प्रत हवी असेल तर गूगल टेकआउटमध्ये (आपला डेटा परत मागवायची गूगलची सोय) फक्त यूट्यूब निवडून फाइल्स मागवा. काही तासांनी ईमेलवर लिंक येते.

स्टेटस २४ तासांत जातं. अँड्रॉइडवर एकदा पूर्ण पाहिलेलं स्टेटस फोनमध्ये लपलेल्या फोल्डरात उतरलेलं असतं. फाइल्स ॲपच्या सेटिंगमध्ये ‘लपवलेल्या फाइल्स दाखवा’ चालू करा आणि इंटर्नल स्टोरेजमधून अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाचं फोल्डर, व्हॉट्सअ‍ॅप, पुन्हा मीडिया असं आत गेलं की नावाच्या सुरुवातीला टिंब असलेलं स्टेटसेस फोल्डर दिसेल. हवी ती फाइल तिथून कॉपी करून दुसरीकडे ठेवा, कारण मुदत संपली की मूळ फाइल निघून जाते. यासाठी वेगळं ‘स्टेटस सेव्हर’ ॲप घालायची गरज नाही. मात्र स्टेटस हे ओळखीच्या माणसांसाठी असतं. कुणाच्या घरचं बारसं विचारल्याशिवाय पेजवर टाकू नका.

आजीने पाठवलेली ओवी, गुरुजींनी म्हणून दाखवलेली चाल अशा व्हॉइस नोटा लोक बहुतेक हरवून बसतात, कारण त्या गॅलरीत नसतात. त्याच मीडिया फोल्डरमध्ये ‘व्हॉइस नोट्स’ असतं आणि आत वर्ष व आठवड्याच्या आकड्यांची फोल्डरं असतात. फाइलच्या नावात तारीख असते, पण पाठवणाऱ्याचं नाव नसतं. दोन वर्षांनी शंभर फाइल्समधून आजी शोधायची तर प्रत्येक उघडून ऐकावी लागेल. त्यापेक्षा आजच चॅटमध्ये नोट दाबून धरा, शेअर करून ड्राइव्हमध्ये पाठवा आणि तिथे नाव बदला: कोण, काय, कधी. ही फाइल ‘ओपस’ प्रकारची असते. एखादा प्लेयर ती घेत नसेल तर शेवटचा ‘ओपस’ काढून ‘ओजीजी’ लिहून बघा, पुष्कळदा एवढ्यावर चालते, कारण आतला साचा ओजीजीचाच असतो.

व्हिडिओतून फक्त आवाज काढायला कॉम्प्युटरवर व्हीएलसी हा फुकट प्लेयर पुरतो. मीडिया मेनूत ‘कन्व्हर्ट / सेव्ह’, मग ‘ॲड’ करून फाइल घ्या, पुन्हा ‘कन्व्हर्ट / सेव्ह’, प्रोफाइलमध्ये ऑडिओ एमपी३, खाली नवी फाइल कुठे ठेवायची ते द्या आणि ‘स्टार्ट’ दाबा. नवीन फाइलला मूळ फाइलचंच नाव देऊ नका, नाहीतर मूळ फाइल हातची जाईल. बिटरेटच्या, म्हणजे आवाजाच्या दर सेकंदाला किती डेटा लागतो त्याच्या, बाबतीत फसू नका. तो केबीपीएसमध्ये मोजतात. यूट्यूबवरच्या व्हिडिओतला आवाज साधारण १२८ केबीपीएसच्या आसपास असतो. तो ३२० वर बदलला तर आवाज तसाच राहतो, फक्त फाइल फुगते. एक तासाचं कीर्तन १२८ वर सुमारे ५८ एमबी होतं, ३२० वर १४४ एमबी. नुसतं बोलणं असेल तर ६४ केबीपीएस मोनो चालतं, तासाला जेमतेम २९ एमबी. पखवाज आणि टाळ असतील तर १२८ च्या खाली जाऊ नका, टाळांचा झणत्कार आधी मरतो.

गाडीत लावायला पेन ड्राइव्ह भरत असाल तर तो फॅट३२ (फाइल्स साठवायची जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट करा. जुन्या स्टिरिओंना दुसरं काही वाचता येत नाही. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी एकच फाइल बसत नाही, तेव्हा लांबलचक व्हिडिओ अर्ध्यात अडकला तर दोष ड्राइव्हचा नसतो. देवनागरी नावांच्या जागी अनेक स्टिरिओ चौकोन दाखवतात, म्हणून नावं रोमन लिपीत ठेवा आणि आधी ०१, ०२ असे आकडे घाला.

स्क्रीन रेकॉर्डिंग शेवटचा उपाय. करायचंच तर आवाजासाठी माइक नको, ‘डिव्हाइस ऑडिओ’ निवडा, नाहीतर घरातला पंखा आणि कुकरची शिट्टी आत येईल. डू नॉट डिस्टर्ब लावा, ब्राइटनेसची पट्टी निघून जाऊ द्या, मग सुरू करा. पैसे भरून पाहायच्या ॲपवर पडदा काळा येतो. ते संरक्षण मुद्दाम असतं, त्याच्या मागे लागू नका. लिंक टाकली की व्हिडिओ देणाऱ्या वेबसाइटवर इन्स्टाचा पासवर्ड मागितला तर तिथूनच मागे फिरा, आणि तिथली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप घालायची फाइल) तर मुळीच घालू नका.

आता पुन्हा टाकण्याचं. ‘क्रेडिट टू ओनर’ लिहिणं म्हणजे परवानगी नव्हे. ‘दहा सेकंद चालतात’ असा नियम कायद्यात कुठेही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापर, समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांना सवलत देतं. पेज वाढवायला अख्खी रील उचलणं त्यात बसत नाही. अभंगांच्या बाबतीत तर घोळ नेहमीचा. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण ते ज्या ध्वनिमुद्रणात ऐकतो त्याचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, आणि चालीचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. आपल्याच मंडळाने पारंपरिक चालीत म्हटलेला तोच अभंग मात्र बिनधास्त टाका.

इन्स्टावर परवानगी असेल तर उतरवून चढवण्यापेक्षा ‘कोलॅब’ उत्तम. मूळ मालक आपल्याला आमंत्रण देतो, आपण स्वीकारतो आणि एकच रील दोन्ही प्रोफाइलवर दिसते. क्वालिटी घटत नाही, लाइक विभागले जात नाहीत. यूट्यूबवर शोधताना फिल्टरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स निवडलं तर मूळ निर्मात्याचं नाव देऊन वापरता येणारे व्हिडिओ मिळतात.

यूट्यूबवर आपल्या व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला तर आधी तो कसला आहे ते वाचा. कंटेंट आयडी ही दुसऱ्याचं गाणं किंवा व्हिडिओ आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा. तिचा दावा म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर लागणारा ठपका, नव्हे. बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे जातात किंवा काही देशांत व्हिडिओ दिसत नाही. स्ट्राइक मात्र ९० दिवस राहते आणि तेवढ्यात तीन झाल्या तर चॅनेल जाऊ शकतं. परवानगी हातात असेल तर दाव्यावर आक्षेप नोंदवा, परवानगी कुणी आणि कधी दिली ते त्यात लिहा; समोरच्याकडे उत्तरासाठी ३० दिवस असतात. तोवर व्हिडिओ काढून पुन्हा अपलोड करू नका, नव्या अपलोडवरही तोच दावा येतो.