फँटसी फुटबॉलमध्ये एकाच टीमचे दोन रिसीव्हर लावायचे का? लावा, पण आधी हे बघा

सप्टेंबर उजाडला की आमच्या इथल्या ऑफिसच्या फँटसी फुटबॉल लीगच्या (अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंची आपापली टीम करायची आणि ते मैदानावर जे करतील त्याचे पॉइंट मोजायचे) ग्रुपवर दर रविवारी सकाळी कोणीतरी हे विचारतंच. सिनसिनाटीचे रिसीव्हर, म्हणजे फेकलेला बॉल पकडणारे, चेस आणि हिगिन्स दोघं माझ्याकडे आहेत, दोघांनाही लावू का एकाला बेंचवर बसवू? आणि लगेच चारजण सांगतात, अरे वेडा आहेस का, एकाच टीमचे दोघं कशाला, एकमेकांचे पॉइंट खातील. मीसुद्धा पहिली दोन वर्षं हेच मानायचो आणि त्या नादात चांगले पॉइंट बेंचवर सडवले.

खातात का? खातात, पण लोकांना वाटतं तेवढं नाही. असं समजा की पंगत बसलीय आणि वाढपी एकच आहे, तो म्हणजे बॉल फेकणारा क्वार्टरबॅक. एका वेळी बॉल एकालाच मिळणार हे खरं, पण वाढपी दमदार असेल आणि जेवण भरपूर असेल तर तुमची दोन्ही माणसं पोटभर जेवून उठतात, आणि जेवणच कमी असेल तर एकटा बसलेलाही उपाशी राहतो. म्हणून पहिलं बघायचं ते जेवण किती आहे, माणसं किती आहेत ते नंतर.

उदाहरण घ्या. 18 सप्टेंबर 2022, मायामी विरुद्ध बाल्टिमोर. मायामीचा टायरीक हिल 11 कॅच, 190 यार्ड, 2 टचडाऊन (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेणं). त्याच टीमचा जेलन वॉडल 11 कॅच, 171 यार्ड, 2 टचडाऊन. पीपीआरचा (कॅचलाही पॉइंट देणाऱ्या पद्धतीचा) हिशोब लावा, कॅचला 1, दर 10 यार्डाला 1, टचडाऊनला 6, म्हणजे हिलचे 42 आणि वॉडलचे 40.1. मायामीचा क्वार्टरबॅक ट्युआ, त्याने त्या दिवशी 6 टचडाऊन फेकले होते कारण मायामी 35-14 मागे होती आणि फेकत राहण्याशिवाय इलाजच नव्हता, आणि शेवटी 42-38 जिंकली पण.

आता उलट बाजू. 25 ऑक्टोबर 2020, सिएटल विरुद्ध ॲरिझोना. सिएटलचा टायलर लॉकेट 15 कॅच, 200 यार्ड, 3 टचडाऊन, म्हणजे 53 पॉइंट. त्याच्याच टीमचा डीके मेटकाफ 2 कॅच, 23 यार्ड, 4.3 पॉइंट. (हीच ती मॅच ज्यात मेटकाफने बॉल घेऊन पळणाऱ्या ॲरिझोनाच्या बुडा बेकरला मागून पळत जाऊन टचडाऊनच्या आधी पाडलं, काय धावलाय तो माणूस, पण आमच्या लीगमध्ये त्या धावण्याचे पॉइंट शून्य.) ज्याच्याकडे दोघं होते त्याला मेटकाफचा राग आला असेल, पण बेरीज करा ना, 57.3 होतात, दोन रिसीव्हरचे मिळून! आणि सीझनभराचं बघितलं तर दोघांचेही 10-10 टचडाऊन आणि दोघंही हजार यार्डांच्या वर. म्हणजे एका रविवारी एक उपाशी राहतो, पण दरवेळी तोच राहतो असं नाही.

मग ठरवायचं कसं? मी आधी बेटिंग लाइन बघतो, पैसे लावायला नाही, फक्त आकड्यासाठी. समजा टोटल (दोन्ही टीम मिळून मॅचमध्ये करतील ते पॉइंट) 51 आहे आणि तुमच्या रिसीव्हरची टीम 7 ने फेव्हरिट आहे, म्हणजे 7 पॉइंटनी जिंकेल असा अंदाज आहे, तर 51 अधिक 7 चे अर्धे, म्हणजे 29 पॉइंट त्या टीमकडून अपेक्षित आहेत. 25 च्या वर असेल तर मी बिनधास्त दोघं लावतो. 20 च्या खाली आला तर दुसऱ्या नंबरच्याला बसवायचा विचार करतो. जोराचा वारा असेल तरी तेच, पावसापेक्षा वारा वाईट.

दुसरं, टीम फेकते किती. 2022 मध्ये फिलाडेल्फियाचे एजे ब्राऊन 1496 आणि डेव्हॉन्टा स्मिथ 1196 यार्ड, दोघं मजेत. 2024 मध्ये त्याच टीमकडे बॉल हातात घेऊन पळणारा सेक्वॉन बार्कली आला, 2005 यार्ड धावला, मग फेकायची गरजच कुठे राहिली, आणि दोघांना लावणारे दर रविवारी देव पाण्यात ठेवून बसायचे.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला सगळे विसरतात: बसवून आणणार कोणाला? हिगिन्सऐवजी बेंचवरचा जो आहे त्याचा अंदाज 9 आणि हिगिन्सचा 14, तर एकाच टीमचा आहे म्हणून 5 पॉइंट सोडायचे का? नाही. दोघांत अर्ध्या-एका पॉइंटचा फरक असेल तरच टीमचा विचार करा. तिसरा रिसीव्हर मात्र त्याच टीमचा मी लावत नाही. दोघांचं भागून त्याच्यापर्यंत काय उरणार.

त्या आठवड्यात लीगमध्ये तुमच्या समोरचा तगडा असेल तर दोघांबरोबर त्यांचा क्वार्टरबॅक पण लावा, कारण एकाच टचडाऊनचे क्वार्टरबॅकला 4 आणि रिसीव्हरला 6 असे दोन्हीकडून येतात. चालला तर आठवडा एकहाती मारून नेतो, नाही चालला तर सोमवारी ऑफिसात तोंड लपवायचं. तुम्हीच पुढे असाल आणि तो क्वार्टरबॅक समोरच्याकडे असेल तर उलटं काम होतं, त्याचा प्रत्येक टचडाऊन पास तुमच्या माणसाकडे गेला की तुमचेच जास्त.

बाय वीक, म्हणजे टीमचा सुट्टीचा आठवडा, मात्र ड्राफ्टच्या (खेळाडू निवडायच्या) वेळीच बघून ठेवा. मी एका वर्षी नाही बघितला, दोघंही एकाच रविवारी सुट्टीवर, आणि वेव्हरवरून (कोणीच न घेतलेल्यांतून) ज्याला उचलला त्याने 1.6 पॉइंट दिले, हरलो 3 ने.

आणि इनॅक्टिव्ह लिस्ट (त्या दिवशी न खेळणाऱ्यांची यादी) मॅचच्या 90 मिनिटं आधी येते ती बघितल्याशिवाय हलू नका, कारण क्वार्टरबॅकच बाहेर असेल तर तुमचे दोघंही एकदम गार. सुट्टीला पुण्याला गेला असाल तर न्यूयॉर्कची दुपारी 1 ची मॅच तिकडे रात्री 10:30 ला असते, नोव्हेंबरात घड्याळं बदलली की 11:30, तेव्हा जेवून लगेच झोपू नका, आणि उशिराच्या मॅचवाला बेंचवर ठेवा म्हणजे ऐनवेळी बदलता येतो.