जुन्या टॉवरवर नवी तार: मुंबईच्या लाईनची क्षमता वाढवायची तर

मुंबईत नव्या टॉवरसाठी जागा मागायला गेलात, तर एक पिढी त्यातच निवृत्त होईल. २२० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) लाईनला ३५ मीटर रुंदीचा पट्टा लागतो. भांडुप ते ऐरोलीच्या मध्ये तसा मोकळा पट्टा मला कुणीतरी दाखवावाच. त्यामुळे साताऱ्याचा वारा आणि साक्रीचं ऊन विजेच्या रूपात शहरात आणायचं, तर टॉवर तेच ठेवून त्यांवरची जुनी ‘झेब्रा’, म्हणजे पोलादी गाभ्याची ॲल्युमिनियमची तार, उतरवायची आणि जास्त तापमान सोसणारी, कमी झोळ पडणारी (कमी लोंबणारी) एचटीएलएस तार चढवायची. मी लाईनवरच म्हातारा झालो. नव्या इंजिनिअरांना एवढंच सांगतो, तार सगळ्यात शेवटी विकत घ्या.

आधी लाईन कशामुळे अडतेय ते शोधा. लांब पल्ल्याची लाईन तापायच्या आतच व्होल्टेज आणि स्थैर्यापायी अडते. तिथे भारी तार घालणं म्हणजे पैसे हवेत टांगणं. मुंबईभोवतीच्या आखूड लाईनी मात्र खरोखर तापमानामुळे अडतात, म्हणून हा उपाय इथे चालतो. लोड फ्लो, म्हणजे कोणत्या लाईनमधून किती वीज वाहते याचा हिशेब, काढताना संध्याकाळच्या कमाल मागणीवर भागवू नका. दुपारी सौर वीज भरात असते, रात्री ती शून्य होते, आणि पवनचक्क्या पावसाळ्यात सर्वात जास्त देतात. तिन्ही वेळांचा प्रवाह वेगवेगळा काढा आणि प्रत्येक वेळी एक सर्किट (तीन फेजच्या तारांचा एक संच) बंद धरा. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघे ४०० केव्हीचं एक सर्किट दुरुस्तीला होतं, भार दुसऱ्यावर होता, ते ट्रिप होऊन बंद पडलं आणि मुंबई अंधारात गेली. ‘एक सर्किट बंद’ हा मुंबईत कागदी प्रश्न नव्हे.

मग लाईन पायी फिरा. ड्रोनचा सर्व्हे कराच, पण त्याआधी पायी. जुन्या प्रोफाईलमधली (लाईनच्या उभ्या नकाशातली) जमीन आणि आजची जमीन यांत फरक असतो, कारण मधल्या काळात कुणी डेब्रिज टाकलेलं असतं, रस्ता दर डांबरीकरणात वर आलेला असतो, पत्र्याच्या शेडवर माळा चढलेला असतो. २२० केव्हीला तारेपासून जमिनीपर्यंत किमान ७.०१५ मीटर अंतर हवं, तेही तार पूर्ण तापून झोळ पडल्यावर. सकाळच्या गारव्यात, कमी भारावर मोजून समाधान मानू नका. मोजताना किती अँपिअर चालू होते ते लिहून ठेवा. खाडीतल्या टॉवरचे पाय, म्हणजे काँक्रीटमधून बाहेर येणारं लोखंड, खाऱ्या हवेनं खाल्लेलं असतं. हातोडी मारून बघा. रंगावर विश्वास ठेवू नका.

दोन्ही टोकांची सबस्टेशनं हा विसरला जाणारा भाग. तार दुप्पट करंट नेईल, पण सीटी, म्हणजे करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर, ८०० अँपिअरचा असेल तर २२० केव्हीवर तुम्ही साधारण ३०५ एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपिअर) भाराशीच अडलात. वेव्ह ट्रॅप, आयसोलेटर, बसबार, जम्पर, हा करंट ज्यांतून जातो त्या सगळ्यांचं रेटिंग एका कागदावर मांडा. डिस्टन्स रिलेचं, म्हणजे दोष ओळखून लाईन तोडायला लावणाऱ्या यंत्राचं, सेटिंगही पुन्हा काढा, नाहीतर वाढलेल्या भारालाच रिले दोष समजेल.

आता तार. नवीन तारेचा व्यास आणि वजन जुन्याइतकं किंवा कमी हवं, नाहीतर टॉवरवरचा ताण बदलतो. इनव्हार (तापल्यावर फार कमी वाढणारं निकेल-लोखंड) गाभ्याची तार हाताळायला जुन्या गँगला सोपी जाते. कार्बन गाभ्याची हलकी आणि झोळ फारच कमी, पण ती तीव्र कोनात वाकवली तर गाभा आतून चिरतो आणि बाहेरून काही दिसत नाही. पुलीचा व्यास, क्लॅम्प, जोड दाबायचे साचे, सगळं उत्पादक सांगेल तेच वापरा. आणखी एक हिशेब: त्याच रोधाच्या तारेतून करंट दुप्पट गेला, की गळती चौपट होते. लाईन काही तासच भरून वाहणार असेल तर ठीक, दिवसरात्र भरणार असेल तर दुसरा मार्गच शोधा.

सगळ्यात कठीण आहे आउटेज, म्हणजे कामासाठी लाईन बंद मिळणं. जून ते सप्टेंबर पाऊस. ऑक्टोबरची आणि मार्चनंतरची उष्णता एसी चालवते, तेव्हा लाईन कुणी देत नाही. उरतात डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हणून ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्राकडे (राज्याचा वीजप्रवाह सांभाळणाऱ्या केंद्राकडे) मागणी पावसाळ्यातच घाला. रेल्वे ओलांडायची असेल तर ब्लॉक रात्रीचा आणि तुटपुंजा मिळतो, तेवढ्यात बसेल असंच काम आखा. कांदळवनात पाय ठेवायचा असेल तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते, ती आउटेजच्या तारखेआधी हातात हवी. या तीन तारखा जुळल्याशिवाय कंत्राटदाराला बोलावू नका. त्याची माणसं बसून राहिली की तो बिल लावतोच, आणि त्याचं चूक नसतं.

दोन सर्किटच्या टॉवरवर शेजारचं सर्किट चालू असतं. बंद तारेतही प्रेरणेनं वीज येते. लाईन बंद असल्याचं परमिट हातात असलं, तरी कामाच्या दोन्ही बाजूंना आणि जिथे माणूस चढलाय तिथे स्वतंत्र अर्थिंग. यावर वाद घालणाऱ्याला खाली उतरवा.

तार टांगणाऱ्या पोर्सेलिनच्या डिस्क बदलायच्याच असतील तर याच आउटेजमध्ये सिलिकॉन रबरचे इन्सुलेटर घाला. हिवाळ्याच्या दवात मीठ बसलेल्या पोर्सेलिनवर फ्लॅशओव्हर होतात, म्हणजे वीज पृष्ठभागावरून उडी मारते. लाईन चार्ज (पुन्हा चालू) झाल्यावर पहिला चांगला भार येईल त्या वेळी थर्मल कॅमेरा घेऊन प्रत्येक जॉइंट बघा. शेजारच्या फेजच्या जॉइंटपेक्षा गरम दिसलेला जॉइंट यादीत टाका, आणि ती यादी पुढच्या हिवाळ्याच्या आउटेज मागणीला जोडा.